रावसाहेबाचं एक वाक्य

"मास्तर, तेवढं एक वाक्य काढी टाका," गिरधरभाई म्हणाले.

शाळा नुकतीच सुटली होती. ओसरीच्या पायरीवर जोडे काढून ते आत आले आणि पोरांच्या बसकरावर मांडी घालून बसले. मी खुर्ची पुढे केली तर हातानेच नको म्हणाले. आमच्या ब्राह्मणपुरी गावात गिरधरभाईंना उभ्या उभ्या बोलताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि आवाज चढवताना तर नव्हतंच नव्हतं.

"कोनतं वाक्य, भाई?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"तुम्हले माहीत शे."

मला माहीत होतं. साऱ्या शहादा तालुक्याला माहीत होतं. नाटकाच्या वहीत ते वाक्य मुळात नव्हतं. मीच समासात शिसपेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. तीन महिन्यांत सात गावांत आमचा प्रयोग झाला आणि सातही गावांत लोक त्या वाक्याची वाट बघत बसले.

आमचं नाटक गुप्तहेरी. एक बंगला, त्याखाली तळघर, तळघरात एक मुडदा, आणि त्या मुडद्याचा छडा लावणारा शहरी गुप्तहेर. त्यात रावसाहेब भुजंगे नावाचा दुष्ट काका. भाऊ मेला म्हणून पोरक्या पुतण्याला सांभाळतो आणि इस्टेटीसाठी त्यालाच विष घालायला निघतो. हे पात्र आमच्याकडे मोतीलाल करी. मोतीलालचा रावसाहेब म्हणजे अंगावर काळं घोंगडं, काजळाच्या हातभर मिशा आणि दर वाक्यामागे गडगडाटी हसणं. तो हसला की पुढे बसलेली लेकरं भोकाड पसरत आणि त्यांच्या आया मोतीलालला शिव्या देत. खलनायक म्हणजे असा, यावर साऱ्या मुलखाचं एकमत होतं.

साठ सालच्या दिवाळीनंतर मोतीलालला हिवतापाने धरलं. प्रयोगाला चार दिवस उरले होते. पाठांतर असलेला माणूस एकच निघाला, तो चुनीलाल. हा गिरधरभाईंचा धाकटा भाऊ. शहाद्याच्या जिनात कापसाच्या गाड्या काट्यावर चढल्या की वजन बघायचं, हे त्याचं काम. सीझन संपला की घरचं कोरडवाहू शेत. नाटकात आजवर त्याला नोकराच्या वर काही मिळालं नव्हतं. 'जी सरकार' एवढं बोलून तो आत जाई, आणि आत येऊन माझ्या शेजारी उभा राहून सगळ्यांची सगळी वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत असे. मी प्रॉम्प्टर. विंगेत वही धरून बसणारा. म्हणून हे फक्त मला ठाऊक.

"माले ते हसनं नही जमत, मास्तर," तालमीला तो म्हणाला.

खरंच जमत नव्हतं. हसायला गेला की ठसका लागे. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, बाबा रे, हसू नकोस, पण पडू दे एकदाचा पडदा.

प्रयोगाच्या दिवशी पुतण्याने विचारलं, "काका, माझ्या वडिलांचं मृत्युपत्र कुठे आहे?" वहीत यावर रावसाहेबाचं लांबलचक हसणं आणि 'ते तुझ्या बापाबरोबर सरणावर जळालं' असं वाक्य होतं. चुनीलाल हसला नाही. त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या टोकाने पुढ्यातली जागा दोनदा झटकली, विषाचं ताट तिथे मांडलं, आणि साऱ्या शुद्ध बोलीच्या नाटकात अगदी घरच्यासारखं, हळू म्हणाला,

"भाऊ, पहिले जेवी ले. मंग बोलूत."

पहिल्यांदा लोक हसले. मग ते हसू जागच्या जागी विरलं. बायकांच्या बाजूला बांगडी वाजेना. मी विंगेतून बघत होतो. अकरा वर्षं प्रॉम्प्टिंग करून नाटकाला घाबरण्याची माझी सवय मोडली होती, पण त्या दिवशी मी घाबरलो. ज्या शब्दांनी आपल्याला उभ्या जन्मात मायेने ताटावर बसवलं, त्याच शब्दांनी हा माणूस मारायला निघाला होता. मोतीलालच्या घोंगड्यात ती ताकद कुठून येणार?

प्रयोग संपल्यावर मी चुनीलालला मिठी मारली. "हे कोठून सुचनं तुले?"

"काय माहीत, मास्तर. आपोआप तोंडमाईन निंघनं."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याला कळलं नाही हे एक वेळ मान्य, पण माझे डोळे कुठे गेले होते? गावात येऊन मला अठरा वर्षं झाली होती. गिरधरभाईंच्या ओसरीवर मी कितीदा जेवलो होतो.

या भावांचा बाप गेला तेव्हा चुनीलाल सात वर्षांचा आणि गिरधरभाई एकवीसचे. आई त्याच्या आधीच गेलेली. गिरधरभाईंनी त्याला वाढवलं ते हात न उगारता. पोरगं फायनलला नापास झालं, निकाल घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो होतो. गिरधरभाईंनी निकाल वाचला, खिशात ठेवला, उपरण्याने जागा झटकली आणि म्हणाले, भाऊ, पहिले जेवी ले, मंग बोलूत. पोरगं पोटभर जेवलं. मग ते बोलले, तेही चार शब्द. वाईट बातमी असो, तंटा असो, मळ्यात कामाला आलेला माणूस उशिरा येवो, त्यांचा एकच शिरस्ता. उपाशी माणसाशी कडू बोलायचं नाही.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी समासात ते वाक्य नाटकाचं म्हणून लिहून घेतलं.

गावाला मात्र लगेच कळलं. कळलं ते उलटं. चुनीलालच्या लग्नानंतर जमिनीची वाटणी झाली होती, तीत विहिरीचा मळा गिरधरभाईंकडे राहिला आणि चुनीलालकडे कोरडवाहू काळं शेत गेलं. चुनीलालनेच ते मागून घेतलं होतं. जिनात नोकरी करायची, रोज उठून पाणी कोण धरणार, असं तोच माझ्यासमोर म्हणाला होता. पण दहा वर्षांत ते सगळे विसरले. नाटकात पोरक्या पुतण्याची इस्टेट दाबणारा काका गिरधरभाईंच्या तोंडचं बोलला, गिरधरभाईंसारखी जागा झटकली, मग काय, लोकांना दोन अधिक दोन करायला वेळ लागला नाही. चुन्याने भर सभेत भावाचं माप भावाच्या पदरात घातलं म्हणाले. किती धीराचा माणूस, म्हणाले. धीर कसला, त्याला पत्ताच नव्हता.

"लोके काय बी म्हनतस, भाई," बसकरावर बसलेल्या गिरधरभाईंना मी म्हणालो. "चार दिनमा इसरी जातीन."

"लोकेसनं माले काही नही. काल मळामा कापूस येचाले माणसे व्हतात. दुपारले मी झिपरूले सांगं, पहिले जेवी ले. त्याना हात भाकरवर थांबना, मास्तर. मंग तो हसना. पन पहिले हात थांबना."

झिपरू त्यांच्या मळ्यात वीस वर्षं कामाला होता.

"तुम्हीच का नही सांगत चुनीलालले?"

"मी सांगं ते त्याले लागी जाई. त्यानं नाव व्हई ऱ्हायनं. आख्खं नाटक ऱ्हाऊ द्या. तेवढं एक वाक्य."

मी शब्द दिला. जाताना त्यांनी विचारलं की नंदुरबारची स्पर्धा कधी आहे, आणि म्हणाले, "मी येसू. पुढेच बससू. लोके दखतीन, भाऊभाऊमा काही नही."

संध्याकाळी जिनातून परतलेल्या चुनीलालला मी रस्त्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. झिपरूचंही सांगितलं. तो सायकल धरून उभा होता. ती हातातून सुटून पडली तरी त्याने उचलली नाही.

"मी भाईनी नक्कल करी?"

"नही करी. पन ती व्हई गई."

"देवनी शप्पथ, मास्तर, माले वाटनं मन्हंच शे ते." मग पडलेल्या सायकलकडे बघत म्हणाला, "मन्हंच शे ना? मी दुसरं आयकंच कोठे?"

वाक्य काढायचं ठरलं. पंधरा दिवस आम्ही वहीतलं मूळ वाक्य घोटलं. हसणं नको, पण सरण आणि जळणं राहू दे. चुनीलाल ते म्हणे आणि ते मेल्यासारखं वाटे. मी समासातली पेन्सिल रबराने खोडली. नीट खोडली, कागद झिजेपर्यंत.

स्पर्धा मार्चमध्ये होती, पत्र्याच्या थेटरात. आमचा नंबर दुपारी चारचा. बाहेर उन्हाचा कहर, आत शे-दीडशे खुर्च्या आणि मागे उभी गर्दी. पुढच्या रांगेत तीन परीक्षक, त्यांच्या टेबलावर लाल फडक्याने झाकलेला कप. त्याच रांगेत, कडेला, धुतलेली टोपी घालून गिरधरभाई बसले होते. शेजारी गावची चार वजनदार माणसं. ती मुद्दाम गिरधरभाईंनी सोबत आणली होती.

पहिला अंक झकास गेला. दुसऱ्यात पुतण्याने विचारलं, मृत्युपत्र कुठे आहे. चुनीलालने उपरणं खांद्यावरून काढलं नाही. ताट ठेवलं. तोंड उघडलं. आणि थांबला.

थांबला म्हणजे विसरला. पंधरा दिवस घोटलेलं वाक्य उडून गेलं. मागच्या गर्दीत शहाद्याकडची पुष्कळ माणसं होती, त्यांनी आधीचे प्रयोग पाहिलेले. त्यांना वाटलं आता येणार. कुणीतरी हळूच "जेवी ले" म्हणालं, दोघे-तिघे हसले, बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं. सगळं थेटर कान टवकारून बसलं. चुनीलालने मान वळवली आणि विंगेत माझ्याकडे पाहिलं.

वही माझ्या हातात होती. मूळ वाक्यावर माझं बोट होतं. मला फक्त ते वाचायचं होतं. 'ते तुझ्या बापाबरोबर' एवढं सांगितलं असतं तरी पुढचं त्याला आलं असतं.

मी दुसरं वाक्य सांगितलं.

चुकून नाही. लोक म्हणतील सवय, मीही पुष्कळदा तसं सांगितलं. पण मला तो कप हवा होता. अकरा वर्षं मी अंधारात बसून दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालत होतो, आणि हे एक वाक्य मी कागदावर उतरवलेलं होतं, ते या परीक्षकांनी ऐकल्याशिवाय आम्ही परत जाणार हे मला सोसलं नाही. दिलेला शब्द मला आठवत होता. तरी मी सांगितलं.

आणि चुनीलालने ते घेतलं. मी सांगितलं म्हणून त्याने म्हटलं असं म्हणून मी त्याला सोडवू शकत नाही. त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं, ते वाक्य मिळताच त्याला हायसं वाटलं. त्याने उपरणं काढलं, जागा दोनदा झटकली. "भाऊ, पहिले जेवी ले. मंग बोलूत." इतकं चांगलं तो कधीच बोलला नव्हता. थेटर क्षणभर गार झालं आणि मग टाळ्यांनी पत्रे वाजले.

आमच्या गावची चार माणसं टाळ्या वाजवता वाजवता गिरधरभाईंकडे बघत होती. गिरधरभाईंनीही टाळी वाजवली. दोनदा. मग हात मांडीवर ठेवले आणि पडदा पडेपर्यंत हलले नाहीत. उठून गेले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं.

कप आम्हाला मिळाला. परीक्षकांनी भाषणात चुनीलालचं नाव घेतलं, असा खलनायक पाहिला नाही म्हणाले. एस.टी.त गिरधरभाईंनी चुनीलालला खिडकीची जागा दिली आणि शहाद्यापर्यंत केळीच्या बागांना यंदा पाणी पुरेल का यावर बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी चुनीलाल भावाच्या पाया पडायला गेला. घरं दोन, भिंत एक. वाटणीत मधोमध घातलेली. तिथून तो सरळ माझ्याकडे शाळेत आला. वर्ग चालू होता. मी बाहेर गेलो.

"काय म्हनना भाई?"

"म्हनना, नाटक शे भाऊ. नाटकनं काय मनवर लेवानं." चुनीलाल भिंतीला टेकला. "दुपार व्हई गयी तठे बसीसन. भाभीनी ताट वाढं. भाई माले जेवाले नही बोलना, मास्तर. उठना आनि मळामा चालना गया."

एवढा मोठा माणूस पोरांसमोर रडायला लागला. मी वर्गाचं दार लोटून घेतलं.

त्यानंतर ते वाक्य त्या घरात कुणी ऐकलं नाही. गिरधरभाई पाहुण्यांनाही नुसतं "बसा" म्हणत. मजुरांना भाकर खायची वेळ झाली की ते बांधावरून दुसरीकडे बघत. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा पाजला आणि शाळेच्या कौलांची चौकशी केली. रागावले असते तर मी काही बोलू शकलो असतो.

महिनाभराने त्यांनी मला बोलावलं. सोबत गावचे तेच चौघे होते. चुनीलालही होता. विहिरीचा मळा अर्धा चुनीलालच्या नावे करायचा, मास्तर, कागद लिहा, असं ते म्हणाले.

"माले नको, भाई," चुनीलाल म्हणाला. "मीच कोरडं मांगेल व्हतं. तुम्ही सांगा ना यास्ले."

"तुले नको व्हई. गावले पाहिजे."

त्या चौघांपैकी कुणीही मान वर केली नाही. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात; त्या कागदावर ते चांगलं आलं नाही. गिरधरभाईंनी सही केली, कागदावरची शाई वाळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आते वाटनी पुरी व्हयनी."

त्या बोलण्याचा अर्थ मला आखाजीला कळला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. पहाटे उंबरठा धुऊन गेलेल्यांचं एकेक नाव घेत त्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं, मग घागर मांडायची, मग चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायचा. भाऊ वेगळे झाले तरी विहिरीच्या मळ्यासारखं काही न तोडता थोरल्याकडे राहिलं असेल तर वाटणी पुरी धरत नाहीत, मग थोरल्याच्याच घरी सगळ्यांची एक घागर. आजवर चुनीलाल त्या दिवशी भिंतीपलीकडे जाऊन भावामागे हात जोडून उभा राही. यंदा आदल्या संध्याकाळी जसोदाभाभी, गिरधरभाईंच्या मंडळी, दारात येऊन त्याच्या बायकोला सांगून गेल्या.

"यंदापाईन तुमनी घागर तुमना घर भरा. त्यास्नी सांगेल शे." असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण निरोप काही बदलला नाही.

पहाटे चुनीलाल माझ्या दाराशी उभा.

"मास्तर, शाळाना जुना रजिस्टरमा आमना घरनी नावे व्हतीन का?"

"कोनती नावे?"

"आबानं शे. मायनं शे. आजानं उखा. त्याना पुढली माले नही येतस. दरसाल भाई म्हने. मी कधी ध्यानच नही दिधं."

शाळेला सुटी होती. मी किल्ली घेऊन गेलो, ट्रंकेतून जुनं रजिस्टर काढलं. पाटील चुनीलाल भिला. पाटील गिरधर भिला. रजिस्टरात पोराचं नाव असतं आणि बापाचं. त्याच्या मागे जायची शाळेला गरज नसते.

"भाईले विचारी ले," मी म्हणालो. "भिंतना पल्याड तर शेतस."

तो घराकडे वळला. मी त्याच्यासोबत घरी गेलो. उंबरठा धुऊन ओला होता. नवी घागर, तिच्यावर आंबा. बायको कुंकवाची वाटी घेऊन बाजूला उभी होती. चुनीलाल उकिडवा बसला. वाटीत बोट बुडवलं. "आबा, भिला," म्हणून एक बोट ओढलं. "माय, दगूबाई." दुसरं. "आजा, उखा." तिसरं. आणि बोट तसंच वर राहिलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे गिरधरभाईंचं सुरू झालं. नुसती गुणगुण येत होती. एक नाव, मग थोडं थांबणं, मग दुसरं. चुनीलालने कान भिंतीला लावला. मीही लावला. शब्द काही लागेना.

मी म्हटलं, "मी जाईसन विचारी येस."

"नको, मास्तर."

पलीकडे तीन नावं होऊन गेली असावीत. चौथ्याला आवाज आला, थांबला. चुनीलालने खाली वाकून एक बोट ओढलं. पुन्हा आवाज, पुन्हा थांबणं. पुन्हा एक बोट. तो कान भिंतीशी नेई आणि मग वाकून उंबरठ्यावर बोट ओढी. पलीकडे शांत झालं तेव्हा याच्या उंबरठ्यावर सात बोटं उठली होती.

चुनीलालने त्यांना हात जोडले. तीन जणांची नावं घेतली आणि बाकीच्या चौघांना नुसतं "या" म्हणाला.